मांडवकरांच्या चार वाटण्या

मांडवकर कुठल्याही खोलीत शिरले की आधी जमिनीकडे बघायचे. मग भिंतीच्या कडेकडेने नजर वर नेत छताकडे. माणसांकडे सगळ्यात शेवटी. नव्या नर्सेसना ते शिष्ट वाटायचे. शिष्ट ते नव्हते. वायर कुठून आली आणि कुठे गेली हे कळल्याशिवाय त्यांना त्या खोलीत बोलायला सुचायचं नाही, एवढंच.

आमचं हॉस्पिटल भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या जरा पुढे. ट्रस्टचं, चार मजली. खाली ओपीडी आणि लॅब, पहिल्यावर ऑफिस, दुसऱ्या-तिसऱ्यावर वॉर्ड आणि आयसीयू, चौथ्यावर पुढे नर्सिंग कॉलेज झालं. मी लॅबमध्ये टेक्निशियन, रक्ताचे नमुने तपासण्याचं काम. मांडवकर माझ्याही आधीपासून तिथे होते. मूळचे संगमेश्वरकडचे. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून खांबावर चढण्यात त्यांची बावीस-तेवीस वर्षं गेली. खात्याला माणसं नकोशी झाली तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आमच्याकडे टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. मग हॉस्पिटलमध्ये कॉम्प्युटर आले. त्यांच्या वायरी कोण बघणार, असा प्रश्न निघाला तेव्हा आमचे चेअरमन कांतिभाई म्हणाले, "वायर तो वायर होता है. मांडवकरजी देख लेंगे."

त्या एका वाक्यावर मांडवकर पन्नाशी ओलांडल्यावर नेटवर्कचे इन्चार्ज झाले.

अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात टेस्टर, आणि काखेत शंभर पानी वही. त्या वहीत हॉस्पिटलमधली प्रत्येक वायर होती. निळ्या पेनाने जशी असायला हवी तशी, लाल पेनाने जशी खरोखर होती तशी. सुरुवातीची पानं जवळजवळ सगळी लालच होती.

त्यांना एक शब्द अजिबात चालत नसे, तो म्हणजे 'गेलं'. कुणी फोन करून "नेट गेलं" म्हणालं की ते शांतपणे विचारायचे, "गेलं म्हणजे काय झालं? तुम्हाला काय दिसतंय ते सांगा." स्क्रीनवर काय लिहिलंय, कुठला दिवा लागलाय, किती वाजले, शेजारच्या टेबलावर चालू आहे का. इतके प्रश्न की पुष्कळ जण वैतागून फोन ठेवायचे. मग ते स्वतः जिने उतरून यायचे आणि तेच प्रश्न समोर उभे राहून विचारायचे.

माझी आणि त्यांची खरी ओळख माझ्या चुकीमुळे झाली.

लॅबमधलं मोठं मशीन रक्त तपासून आकडे थेट डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर पाठवतं. त्या काळात ते रोज सकाळी अकराच्या सुमारास मुकं व्हायचं. तपासणी चालू राहायची, पण आकडे वर जायचे नाहीत. तास-दीड तासाने आपोआप सुरळीत व्हायचं. तेवढा वेळ आम्ही आकडे कागदावर उतरवून वॉर्डात पाठवायचो. एक दिवस मी एका पेशंटचं पोटॅशियम तीन पॉइंट सहाच्या जागी सहा पॉइंट तीन लिहिलं. तीन पॉइंट सहा म्हणजे ठीक. सहा पॉइंट तीन म्हणजे हृदय कधीही दगा देईल असा आकडा. वरच्या डॉक्टरांना शंका आली, कारण पेशंटचा कार्डिओग्राम व्यवस्थित होता. त्यांनी फोन केला. मी मशीनवर पुन्हा बघितलं. तीन पॉइंट सहा. त्या आकड्यावरचं इंजेक्शन भरून तयार होतं. दिलं नव्हतं, इतकंच.

त्या दुपारी मी मांडवकरांकडे गेले. ते डबा खात होते. मी तक्रार करायला गेले होते, पण बोलता बोलता सगळं सांगून टाकलं, माझा आकडासुद्धा. त्यांनी डबा बंद केला.

"ताई, उद्यापासून एक करा. मशीन बंद पडलं की घड्याळ बघा. पडलं ती वेळ लिहा, चालू झालं ती वेळ लिहा. अंदाजे नको."

"त्याने काय होणार?"

"काय होणार ते माहीत नाही. म्हणून तर लिहायचं."

मी दहा दिवस लिहिलं. अकरा वाजून पाच, अकरा बारा, अकरा तीन. रविवारी काही नाही. एका गुरुवारीही काही नाही. अकराव्या दिवशी मांडवकर माझा कागद घेऊन गेटवर गेले आणि वॉचमनची रजिस्टर वही मागून घेतली. गेटवर गाड्यांच्या वेळा लिहिलेल्या असतात. परत आले तेव्हा ते हसत नव्हते, पण डोळे चमकत होते.

"त्या गुरुवारी कोण आलं नव्हतं, माहितेय? कांतिभाई. सुरतला लग्नाला गेले होते."

मला काही कळेना. त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनला एक पत्ता लागतो, आकड्यांचा. आमच्या इमारतीत सगळे पत्ते एकाच गठ्ठ्यातले होते. लॅबचं मशीन, वॉर्डातले मॉनिटर, ऑफिसचे कॉम्प्युटर, भेटायला आलेल्यांचे मोबाइल, सगळे त्याच गठ्ठ्यातून उचलायचे. माझ्या मशीनला कंपनीच्या इंजिनियरने हाताने पंचाहत्तर नंबर देऊन ठेवला होता. पत्ते वाटणाऱ्या राउटरला ते कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने तोच पंचाहत्तर कांतिभाईंच्या फोनला देऊन टाकला होता, आणि तो फोन रोज आला की त्याला तोच परत द्यायचा. कांतिभाई तास-दीड तासाने निघून गेले की माझं मशीन मोकळं.

"दोन घरांना एकच टेलिफोन नंबर," मांडवकर म्हणाले. "घंटी कुणाकडे वाजायची?"

आता हे चेअरमनना सांगणार कोण? ऑफिसातले सगळे म्हणाले, फोनचा नंबर गुपचूप बदला आणि विषय संपवा. मांडवकर वही घेऊन सरळ केबिनमध्ये गेले. मी सोबत होते, कारण वेळा मी लिहिल्या होत्या.

कांतिभाईंनी दोनदा ऐकून घेतलं. "मतलब, मैं आता हूँ तो लॅब बंद होता है?"

"हो साहेब."

कांतिभाईंनी फोन हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. मग हसले. "मेरी बीवी भी यही बोलती है. करो ठीक."

फोनला दुसरा पत्ता द्यायला दोन मिनिटं लागली. त्या दिवसापासून माझं मशीन अकराला बंद पडलं नाही. पण मांडवकर केबिनमधून उठले नाहीत.

"साहेब, हे औषध झालं. रोग तसाच आहे. आज तुमचा फोन होता, उद्या दुसऱ्या कुणाचा असेल. लॅबचा गट वेगळा पाहिजे, वॉर्डांचा वेगळा, ऑफिसचा वेगळा. पाहुण्यांचे फोन तर पूर्ण बाहेर. वायरी त्याच राहतील. पत्त्यांच्या वाटण्या करायच्या, आणि मधल्या भिंतीतून कोण जाणार ते आपण ठरवायचं."

"मांडवकरजी, एक फोन का इलाज हो गया. अब पूरा घर क्यों तोड़ना?"

"घर तोडत नाही साहेब. वाटण्या करतोय. आमच्याकडे कोकणात वाटण्या झाल्या तरी घर उभंच असतं."

कांतिभाईंनी हात जोडले. म्हणजे बैठक संपली.

त्या दिवसापासून एक वर्षभर, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मांडवकर वही घेऊन केबिनमध्ये जायचे. प्रत्येक वेळी नकार यायचा. प्रत्येक वेळी ते वहीत तारीख घालून 'नाही' असं लिहायचे आणि पुढच्या महिन्याची तारीख टाकून ठेवायचे. रागावलेलं मी त्यांना एकदाही बघितलं नाही. मला वाटायचं, हा माणूस नकार गोळा करतोय की काय.

प्रत्यक्षात तो माणूस त्या वर्षात शिकत होता. हे मला कळलं ते त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेले तेव्हा. नवघर रोडला जुन्या बिल्डिंगमध्ये एक खोली आणि किचन. बाहेरच्या खोलीत विजेच्या बटणांचा मोठा बोर्ड होता, एका ओळीत आठ बटणं. प्रत्येक बटणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर आकडा. डावीकडून एकशे अठ्ठावीस, चौसष्ट, बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन, एक.

"हे काय आहे, वहिनी?" मी विचारलं.

मांडवकरवहिनींनी कपाळाला हात लावला. "काय सांगू तुम्हाला. आमच्याकडे पंखा लावा म्हणायची सोय राहिली नाय. चौसष्ट लावा म्हणतात. ट्यूब एकशे अठ्ठावीस. देवाचा बल्ब बिचारा एक."

मांडवकर पुढे झाले. कुणीतरी विचारायची ते वाटच बघत होते. कॉम्प्युटर पत्ता वाचतो तो असाच, ते म्हणाले, आठ बटणं, काही चालू काही बंद. चालू असतील तेवढ्यांची बेरीज म्हणजे आकडा. सगळी चालू केली तर दोनशे पंचावन्न. ट्यूब आणि पंख्याची दोन बटणं पुरतात चार वाटण्या करायला. दोन्ही बंद, ही पहिली. नुसता पंखा, दुसरी. नुसती ट्यूब, तिसरी. दोन्ही चालू, चौथी. आणि प्रत्येक वाटणीत उरलेल्या सहा बटणांचे चौसष्ट पत्ते. हे सांगताना ते खटाखट बटणं दाबत होते. हळदीकुंकवाला आलेल्या बायका एकदा अंधारात, एकदा उजेडात बसल्या होत्या. वहिनींनी शेवटी त्यांचा हात धरला.

त्यांनी नेटवर्कची एक इंग्रजी परीक्षाही दिली, दोनदा. दोन्ही वेळा नापास. मला सांगताना म्हणाले, "प्रश्न कळेपर्यंत वेळ संपतो. इंग्रजी नापास झालंय ताई, गणित नाही."

मग चौथ्या मजल्यावर नर्सिंग कॉलेज सुरू झालं आणि तिथे चाळीस कॉम्प्युटर आले, त्याच गठ्ठ्यावर. शिवाय मुलींचे मोबाइल, नवे कॅमेरे. पहिल्याच आठवड्यात पत्ते संपले. सकाळी उशिरा येणाऱ्याचा कॉम्प्युटर चालू व्हायचा, पण नेटवर्कवर यायचा नाही. ऑफिसातली माणसं लवकर यायला लागली, ही त्यातली एकमेव चांगली गोष्ट. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी मांडवकर केबिनमध्ये गेले आणि तीन मिनिटांत बाहेर आले. वहीत त्यांनी 'हो' लिहिलं आणि त्याच्याखाली रेघ मारली.

हॉस्पिटल बंद ठेवता येत नाही. म्हणून एका रविवारी एक गट, सकाळी नऊ ते दुपारपर्यंत, असं ठरलं. आधी पाहुण्यांचे फोन वेगळ्या रस्त्यावर गेले. पुढच्या रविवारी माझी लॅब. पंचाहत्तर नंबरला हात लावायचा नव्हता, तो कंपनीशिवाय बदलता येत नसे. म्हणून त्यांनी वाटण्याच अशा पाडल्या होत्या की पंचाहत्तर दुसऱ्या गटात, लॅबच्याच हद्दीत पडेल. दुपारी एकपर्यंत सगळं झालं. मांडवकरांनी माझ्याकडून वीस नमुने चालवून घेतले आणि वीसही वर पोहोचल्याचं डॉक्टरांना फोन करून विचारलं. त्यानंतरच ते डबा खायला बसले.

तिसरा रविवार वॉर्ड आणि आयसीयूचा.

आयसीयूत बारा बेड. प्रत्येक बेडशी एक मॉनिटर, आणि त्या बारांचे आकडे नर्सेसच्या टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनवर एकत्र दिसतात. आमच्या मेट्रन लिसी सिस्टर, केरळच्या, तीस वर्षं भाईंदरला. काम सुरू करण्यापूर्वी मांडवकरांनी त्यांना सांगितलं, "सिस्टर, मी सांगेपर्यंत प्रत्येक बेडजवळ एक नर्स उभी पाहिजे. आणि तुम्ही स्क्रीनवर बेड मोजत राहा. मी झालं म्हणालो तरी माझ्यावर भरोसा ठेवू नका. मोजा."

माझी रविवारची ड्यूटी होती. एक रिपोर्ट द्यायला मी वर गेले तेव्हा मांडवकर शेवटच्या मॉनिटरपासून उठत होते. "झालं, सिस्टर."

लिसी सिस्टर स्क्रीनसमोर बोट नाचवत होत्या. "टेन. इलेवन." मग थांबल्या. "मांडवकर सर, इलेवन ही है. बारा नहीं है."

बारा नंबरच्या बेडवर काशीगावच्या एक आजी होत्या. आदल्या दिवशीच व्हेंटिलेटरवरून काढलेल्या. मोठ्या स्क्रीनवर त्यांच्या चौकोनात नुसत्या रेघा. बेडजवळची नर्स तिथून म्हणाली, "पेशंट ठीक आहे. इथे सगळं दिसतंय." तिला उभं केलं नसतं तर आजींचं काय चाललंय हे टेबलावर कुणालाच कळलं नसतं.

मांडवकर परत खाली बसले. वायर काढून बघितली, ती बरोबर होती. दुसरी लावून बघितली, तरी रेघाच. मग त्यांनी वही उघडली आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. मी वाकून बघितलं. एकशे एक्क्याण्णव.

"हा द्यायचाच नसतो," ते हळू आवाजात म्हणाले. प्रत्येक वाटणीतला पहिला आणि शेवटचा पत्ता कुणाला देत नाहीत. शेवटचा पत्ता गटातल्या सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी राखलेला असतो. हे त्यांना पाठ होतं. पण एकशे अठ्ठावीसपासून चौसष्ट मोजताना त्यांनी एकशे अठ्ठावीसलाच धरलं नव्हतं. त्यामुळे वाटणी एकशे ब्याण्णवला संपते असं समजून तो सोडला, आणि त्याच्या आधीचा आजींना दिला. वाटणी खरं तर एकशे एक्क्याण्णवलाच संपत होती.

"बटणं मोजली असती तर चुकलो नसतो," ते म्हणाले. "बोटं मोजली मी."

त्यांनी बाराव्या मॉनिटरला दुसरा पत्ता दिला. सिस्टरांनी मोजले. बारा. सगळं मिळून वीस मिनिटं गेली होती आणि आजींना पत्ताही नव्हता. त्या झोपल्या होत्या.

ही गोष्ट त्या वेळी आयसीयूत होतो तेवढ्यांनाच माहीत होती. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मला स्वतःचं सहा पॉइंट तीन आठवत होतं, म्हणून मी म्हणाले, "मांडवकर, हे आपल्यातच राहू दे."

ते वही मिटत होते. "ताई, तुम्ही मला तुमचा आकडा सांगितलात म्हणून मशीनचं कारण सापडलं."

सोमवारी अकरा वाजता ते केबिनमध्ये गेले आणि एका कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलेली चूक कांतिभाईंसमोर ठेवली. कांतिभाईंनी वाचलं. चेहरा उतरला. "किसको पता है ये?"

"आता तुम्हाला."

कांतिभाईंनी काम थांबवलं. ऑफिस आणि कॉलेज अजून जुन्याच गठ्ठ्यात एकत्र होते. "जितना हुआ, बस. बाकी वैसा ही रहने दो. कल किसी को कुछ हो गया तो?"

"साहेब, मोजणीत चूक माझी झाली. वाटणी चुकलेली नाही. अर्ध्यावर सोडलं तर कॉलेजचे चाळीस कॉम्प्युटर ऑफिसच्या मांडीवर बसलेले राहतील. पेशंटचे सगळे रेकॉर्ड ऑफिसमध्ये आहेत."

"मैंने बोल दिया, मांडवकरजी."

दुसऱ्या दिवशी अकराला मांडवकर केबिनबाहेरच्या बाकावर बसलेले दिसले. वही मांडीवर. कांतिभाई आले, त्यांना बघून आत गेले. साडेअकराला मांडवकर उठून कामाला लागले. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशीही तेच. अर्धा तास बसायचे आणि जायचे. बाकाजवळून जाणारे डॉक्टरही मान खाली घालायला लागले. मी एकदा शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "कंटाळा नाही येत?"

"खांबावर बसायची सवय आहे," ते म्हणाले. "तिथे तर पाठ टेकायलाही काही नसायचं."

नवव्या दिवशी लिसी सिस्टर तिसऱ्या मजल्यावरून खाली आल्या. मांडवकरांकडे न बघता त्यांनी केबिनचं दार ढकललं. दार अर्धवट उघडंच राहिलं, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"सर, बारा नंबर बेड गायब हुआ, ये मुझे कैसे पता चला? मैं गिन रही थी. मैं क्यों गिन रही थी? क्योंकि इस आदमी ने बोला था, मेरे ऊपर भरोसा मत करो, गिनो. तीस साल में किसी डॉक्टर ने भी मुझे ऐसा नहीं बोला."

मग कांतिभाईंचा आवाज आला. "तो फिर आप भी साथ में बैठो, सिस्टर. हर नंबर आप चेक करोगी. आप दोनों की सही होगी तभी लगेगा."

असं झालं की साठीला टेकलेल्या आमच्या मेट्रन बाई रोज दुपारी टेलिफोनच्या खोलीत बसून आठ बटणांचं गणित शिकल्या. मांडवकर आकडा लिहायचे, सिस्टर तो मोठ्याने वाचायच्या, मग त्या आपल्या पद्धतीने परत मोजायच्या. दोघांचं जमलं नाही तर पान फाडायचं. पुढचे दोन रविवार ऑफिस आणि कॉलेज झालं. एकही बेड, एकही टेबल हरवलं नाही. वहीतल्या त्या पानांवर दोन सह्या आहेत, एक मराठी, एक इंग्रजी.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी एका सकाळी मी कँटीनमध्ये चहा घेत होते. कॉलेजच्या दोन मुली रडवेल्या होऊन बसल्या होत्या. कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून काहीतरी शिरलं होतं आणि कॉलेजच्या चाळीसच्या चाळीस कॉम्प्युटरवरच्या फायली कुलुपबंद झाल्या होत्या. मुलींच्या कॉलेज सुरू झाल्यापासूनच्या नोट्स, प्रोजेक्ट, सगळं. मी चहा तसाच टाकून धावत लॅबमध्ये आले. मशीन चालू होतं. आकडे वर जात होते. वॉर्डात फोन केला, तिथेही सुरळीत. ऑफिसमध्ये केसपेपर निघत होते. सकाळपासून तसंच चाललं होतं, आणि आम्हाला कुणाला काही कळलंही नव्हतं.

अकराला कांतिभाई आले. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी मांडवकरांना विचारलं, "लॅब चालू है? आयसीयू?"

"चालू आहे साहेब. जे शिरलं ते चौथ्या वाटणीत अडकलंय. भिंत ओलांडली नाही त्याने."

कांतिभाई काहीतरी बोलणार होते. पण मांडवकर जिन्याकडे वळले होते. मुलींचं नुकसान झालं होतं आणि ते त्यांना स्वतःचंच वाटत होतं. पुढचे चार दिवस ते चौथ्या मजल्यावर होते. जेवढ्या फायली जुन्या प्रतींतून मिळाल्या तेवढ्या एकेक काढून दिल्या. सगळ्या मिळाल्या नाहीत. ज्या मुलींच्या नाही मिळाल्या त्यांच्याजवळ जाऊन त्यांनी प्रत्येकीला तसं सांगितलं.

मी त्यांना म्हणाले, "तुम्ही नसता तर अख्खं हॉस्पिटल बंद पडलं असतं."

"कोणाला सांगणार ते? न झालेली गोष्ट दाखवता येत नाही," ते म्हणाले, आणि त्यात जराही खंत नव्हती.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं, कांतिभाई पुष्कळ बोलले. मांडवकर एवढंच म्हणाले, "वायरींच्या प्रत्येक पेटीवर चिठ्ठी लावलेली आहे. ती काढू नका. नवीन काही जोडलंत तर चिठ्ठीवर लिहा." आणि खाली बसले. त्यांचं काम एका कंपनीकडे गेलं. कंपनीतली मुलं यायची, चिठ्ठ्या वाचायची, आणि मान डोलवायची. मांडवकर थोड्याच दिवसांत गावी राहायला जाणार असं कानावर आलं.

ते जाण्यापूर्वी मी त्यांना आणखी एकदाच बघितलं.

उत्तनच्या पट्ट्यात, तारोडीला एका शाळेत आमचं रक्ततपासणीचं शिबिर होतं. शाळेच्या ओसरीत टेबलं मांडली होती, समोर गावातल्या बायकांची रांग. शुगर तपासताना एक मावशी शेजारणीला म्हणत होती, "त्यो कॉम्पुटरवाला सर काय आयकत न्हाय. जेवाला बोलीवलं, तं बोलला, काम हाय."

मी विचारलं, "कुठला सर?"

"तो काय, आत हाय. पांडऱ्या केसांचा. आठ दिस झाले येतंय."

थोडी सवड झाली तेव्हा मी हातमोजे काढून आत गेले. वर्गाचं दार उघडं होतं. कुणीतरी दिलेले जुने दहा-पंधरा कॉम्प्युटर बाकांवर ओळीने मांडलेले, वायरी नीट भिंतीला बसवलेल्या. फळ्यापाशी शाळेतल्या एक तरुण बाई खडू घेऊन उभ्या होत्या, आणि बाजूला मांडवकर, हात पाठीमागे बांधून. शाळेच्या ऑफिसचे, जिथे मुलांचे मार्क असतात ते कॉम्प्युटर एका गटात आणि मुलांचे दुसऱ्या गटात घालायचे होते.

"सर, तुम्हीच लिहा ना," बाई म्हणाल्या. "माझं चुकेल."

"चुकू दे. मग शोधू कुठे चुकलं ते."

"पण तुम्हाला तर येतंय. दोन मिनिटांचं काम."

"मला येऊन शाळेचा काय उपयोग? मी गावी चाललोय. लिहा."

बाईंनी एक आकडा लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. मी हाक मारणार होते. पण बाहेर रांग थांबली होती आणि आत जे चाललं होतं त्यात माझं काही काम नव्हतं. बाईंनी हद्दीचा शेवटचा आकडा लिहिला, खडू हातात तसाच धरून वळल्या, आणि बरोबर की चूक हे सरांच्या चेहऱ्यावर दिसतंय का ते बघायला लागल्या.

मांडवकर मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते.